रेंजचा दगड

आमचं मूळ गाव वाशीकडलं, तुळजापूरच्या वरल्या अंगाचं वाशी, शहरातलं न्हवं. बाप माझा तिथं कोतवाल व्हता, म्हंजी दवंडी द्यायची, चावडी झाडायची, साहेब आला की पाणी आणून द्यायचं. आवाज असा की चावडीच्या ओट्यावरनं बोलला तर वेशीपातूर जायचा, पर वड्याच्या पल्याड धा-बारा घरं व्हती तिथं जायचा न्हाय, मधी उंचवटा व्हता. म्हणून दर खेपेला बाप दवंडी दिऊन झाली की वडा ओलांडून जायचा आन तिथं परत सगळं पहिल्यापासनं सांगायचा. म्या म्हणायचो, बापू, तुमी दवंडी दिली, झालं की, कोण बघाया येतंय. तर म्हणायचा, आवाज पोचंना तिथं पाय न्यावं लागतेत लेका. आता सर, हे तुम्हाला पहिलंच का सांगतोय, तर पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

नाव माझं रामलिंग, पर नावानं कोण हाक मारतंय, वायरमन म्हणतेत. लाईट आली की माझी आठवण न्हाय, गेली की माझ्या आईबापाचा उद्धार. नोकरी सगळी तुळजापूर-जळकोटाच्या अंगाला झाली, आता वरीसभर ऱ्हायलं. माझा मेव्हणा काशिनाथ, म्हंजी आमच्या सुमनचा धाकटा भाऊ, त्योबी माझ्याच हाताखाली आला. त्याला कामावर म्याच लावलं. त्या दिवशी सुमन चुलीपुढं बसून मला म्हणली, तुमी त्याला खांबावर चढवताय, चढवा, पर त्यो वर असंल तवा खाली तुमीच ऱ्हायचं, दुसरा कुणी न्हाय. म्या व्हय म्हणलो. बायकूला व्हय म्हणायला काय लागतंय, पर ही व्हय लई जड निघाली.

आमचं काम कसं असतंय सांगतो. तार तुटली की सबस्टेशनला आपरेटर असतोय त्याला फोन करायचा, लाईन बंद घ्यायची, मग एकानं वर चढायचं. काम झालं, माणूस खाली उतरला, की परत फोन करायचा, दे बाबा लाईन. मधी आपरेटरला काय शंका आली तर त्यानं आमाला फोन करायचा. म्हंजी वरच्या माणसाचा जीव त्या फोनात. पूर्वी फोन नव्हते तवा स्विचपाशी एक माणूस बसवायचो, त्यो मुताया गेला तरी आमी वरनं शिव्या द्यायचो. आता फोन आले तर माणसं कमी केली, आन फोनाला रेंज न्हाय, घ्या आता!

रेंजचं म्हणाल तर माझ्याएवढं ह्या भागात कुणाला ठाव न्हाय. कंपन्यांची नावं म्या घेत न्हाय, उगं कुणाला राग नको, म्या आपली माझी नावं ठिवलीत. एक हमरस्त्याचं कार्ड, एक डोंगराचं कार्ड. हमरस्त्याचं कार्ड जळकोटात पळतंय घोड्यावानी, रस्ता सोडून दोन शेतं आत गेलं की मेलं. डोंगराचं कार्ड माळावर चालतंय, पर आभाळ आलं की त्याला हुडहुडी भरती. तुळजापुरात समदीच चालतेत, फकस्त नवरात्रात गर्दी झाली की फोन लागतोय पर बोलणं ऐकू येत न्हाय. जाहिरातीत ह्यो नकाशा दावतेत, सगळा रंगवलेला, म्हणतेत सगळीकडं रेंज. आवं, सगळीकडं म्हंजी कुठं? म्या ह्या पायानं हिंडलोय. म्या दोन फोन आन दोन्ही कार्डं घेऊन हिंडतो. पोरगी द्यायची म्हणलं की लोक आधी पाणी बघायची, आता पाव्हणे ओसरीत बसून फोन वर धरतेत, आन मला इच्यारतेत, वायरमन, ह्या घरात कंचं कार्ड लागतंय?

आता खालच्या वाडीचं ऐका. जळकोटापासनं आत, खोलगटात बसलेलं गाव, चारी बाजूंनी माळ. तिथं हमरस्त्याचं कार्ड साफ बंद. डोंगराचं लागतंय, पर कुठं, तर गावाबाहेर वाटंच्या कडंला एका जागी, दोन हात जागा, बास. हिकडं सरकलं न्हाय, तिकडं सरकलं न्हाय. पर त्या जागंवरनं खालचे खांब दिसतेत, म्हणून आमच्या कामाची. कितींदा विसरायचो, मग एक दिवस तिथं मांडीएवढा दगूड पडलेला व्हता, त्याला खांबावर नंबर टाकायचा लाल रंग फासला. ह्यो दगूड, हितं उभं ऱ्हायचं, फोन लागणार. आपरेटरबी म्हणायचे, रामलिंग दगडापाशी हाय म्हंजी फोन लागणारच.

काय सांगू तुम्हाला, महिन्याभरानं गेलो तर दगडावर हळदकुकू! लाल दगूड बघितला आन कुण्या बाईनं हात जोडले, तिची हरवलेली म्हस त्याच सांजंला घरी आली, झालं. पुढल्या खेपेला उदबत्ती, त्याच्या पुढल्या खेपेला नारळ. काशिनाथ मला चेष्टेनं म्हणायचा, दाजी, तुमी लाईनी जोडता जोडता देव कवा बसवला? आमी दोघं हसायचो. आन खरं सांगतो, नारळाची भक्कल, म्हंजी फोडलेला तुकडा, असायची ती म्या खायचो, वर नमस्कारबी करायचो. एका शब्दानं म्या वाडीला सांगितलं न्हाय की बाबांनो ह्यो देव न्हाय, ह्यो रेंजचा दगूड हाय. कशाला सांगू, म्हणलं, हळदकुकू लागतंय तर दगूड जाग्यावर ऱ्हाईल, देवाला कोण हलवतंय. तिथंच माझी चूक झाली.

ह्या उन्हाळ्यातली गोष्ट. वळवाचं वारं सुटलं आन खालच्या वाडीची तार तुटली. दोन दिस लाईट न्हाय, बोर बंद, जनावरं तोंड वर करून वरडूलालीत, बाया घागरी घिऊन माझ्या मोटरसायकलीला आडव्या. येताना म्या हमरस्त्यावरच फोन केलता, आपरेटरला म्हणलं, बंद दे. त्यो म्हणला, ह्याच लाईनीवर दुसऱ्या गावच्या वायरमननंबी बंद घेतलीया, दोघांचं झाल्याबिगर देत न्हाय, आन माझी ड्युटी चारला सुटती, पुढच्याला सांगून जातो. म्या म्हणलं, माझा आवाज ऐकल्याबिगर द्यायची न्हाय. त्यो म्हणला, कळतंय मला.

काशिनाथ चढला. तारांना साखळी लावून जमिनीला जोडायची असती, म्हंजी चुकून लाईन आली तरी वरच्याला काय होत न्हाय. साखळी डिकीत व्हती. काशिनाथ म्हणला, दाजी, धा मिनटाचं काम हाय, साखळी कशाला, तुमी जावा दगडापाशी. आन म्या गेलो. तीस वरसं जुना वायरमन म्या, गेलो! बाया वरडत व्हत्या, ऊन व्हतं, म्हणलं उरकू दे.

लाल दिसलं तिकडं पाय आपसूक वळले, दगडापाशी गेलो, शेंदूर फासलेला, पुढं निवदाची भाकरी, बाजूला गोदाआत्या वाती वळत बसलेली. गोदाआत्या म्हंजी वाडीतली म्हातारी, त्या दगडाची पूजा तीच करती. म्या रामराम घातला, टेकून बसलो, तंबाखू काढली. गार वाटत व्हतं. चार वाजून गेले. म्या तंबाखू मळतोय, वाऱ्याची झुळूक येतीया, आन एकाएकी माझ्या डोक्यात आलं की गार का वाटतंय?

त्या दगडापाशी म्या इतकी वरसं उन्हात उभं ऱ्हायलो, टाळकं तापायचं, पोळायचं. ह्या दगडाला सावली कवापासनं आली?

वर बघितलं तर लिंबाचं झाड. फोन बघितला तर रेंजची एक काडी न्हाय. दुसरा फोन काढला, त्यो तर तिथं कवाच चालत नव्हता, तरी काढला, माणूस बुडताना काय बी धरतंय. आत्या, म्हणलं, ह्यो देव हितं कवा आला? तर म्हातारी कौतुकानं सांगाया लागली, मागच्या अवसंला आणला, उन्हात बसायचा बिचारा, ट्रॅक्टरबी घासून जायचे, मग पोरांनी वर्गणी केली, शिमिटाचा वटा बांधला, वाजतगाजत आणला, तुमाला निरोप दिलता की वायरमन, तुमचा फोनच लागला न्हाय.

चार वाजून गेलेते, आपरेटर बदललाता. दुसऱ्या गावच्याचं काम झालं असलं तर नवा माणूस मला फोन लावणार, आन माझा फोन लागणार न्हाय, आन त्यो काय समजणार? रामलिंगचा फोन दगडापाशी लागतोच, लागंना म्हंजी काम उरकून वाटंला लागला. माझं नावच माझ्यावर उलटलं व्हतं, बघा. खाली बघितलं, काशिनाथ खांबावर, दोन्ही हातांनी तार धरलेली. लई जोरानं हाक मारली, काशीऽऽ उतर! वारं माझ्या तोंडावर. त्यानं मानबी वळवली न्हाय. तिथवर पळत जायचं तर शेतं नांगरलेली, ढेकळातनं सात-आठ मिनटं. बापाचं बोलणं कानात वाजलं, आवाज पोचंना तिथं पाय न्यावं, पर पाय कुठं न्यावं, काशिनाथाकडं का रेंजकडं? जवळ रेंज व्हती, पर कुठं?

आत्या, म्हणलं, आधी देव कुठं व्हता, ती जागा दावा! लगेच! तिला वाटलं म्या देवाच्या रागानं येडा झालो. म्हणली, ती जागा मोकळी ठिवली न्हाय आमी, देव उठवलेल्या जागी कुणाचा पाय पडू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्यात. हात केला तिनं. तीस-चाळीस पावलांवर, वाटंच्या कडंला, बाभळीच्या काट्यांचा ढीग.

पळालो. म्हातारी मागनं वरडाया लागली, अवं काय करूलालाव, देवाची जागा हाय ती, वहाणा काढा, वहाणा! आन तुम्ही हसाल, पर म्या काढल्या. त्या घाईत म्या वहाणा काढल्या आन अनवाणी त्या काट्यांत घुसलो. का काढल्या, मला आजबी सांगता येत न्हाय. खोटा देव, म्याच रंगवलेला, भक्कल म्याच खाल्लेली, पर त्या येळंला वाटलं, काय बी चुकायला नको, ह्याची रेंज रुसायला नको.

मधोमध उभा ऱ्हायलो. फोन थरथरला. सबस्टेशनचे फोन येऊन गेल्याचे मेसेज, एक, दोन, तीन. लावला. बिझी. परत लावला. बिझी. पायात काटे मोडतेत, डोळे खाली खांबावर, तोंडानं आई आई म्हणतोय, कुण्या आईला म्हणतोय ते ठाव न्हाय, तुळजापूरच्या का माझ्या. तिसऱ्यांदा लागला. म्या हॅलो बी म्हणलो न्हाय, म्हणलं, देऊ नको, माणूस वर हाय, देऊ नको, देऊ नको, देऊ नको! मग त्यो नवा आपरेटर हळूच म्हणला, वायरमन, म्या उठलोतो. स्विचकडंच चाललोतो. तुमचा फोन तीनदा लागला न्हाय, म्हणलं झालं असंल. तेवढ्यात तुमचा आला.

म्या तिथंच काट्यांत खाली बसलो. रडलो सर, लाज कशाची. गोदाआत्या आली, तिला काय कळलं न्हाय, तिनं माझ्या डोक्यावर हात ठिवला आन म्हणली, देवानं माफ केलं, उठा. म्या म्हणलं, व्हय आत्या, केलं.

मग ढेकळातनं खांबापातूर गेलो. काशिनाथ उतरला, घाम पुसत म्हणला, दाजी, झालं बघा, डबा सोडा, भूक लागली. त्याच्या तोंडाकडं बघवंना. म्या डिकीतनं साखळी काढली आन त्याच्या अंगावर फेकली. त्यो म्हणला, काय झालं? म्या त्याला लई शिव्या दिल्या, त्याला बी आन मला बी.

घरी सुमनला सांगायचं नव्हतं. पर ती सांजंला सुई घिऊन माझे काटे काढाया बसली. म्हणली, अनवाणी कुण्या देवाला गेलता? ती एक एक काटा काढती, परातीत टाकती. मग म्हणली, काशी वर व्हता का? तवा म्या सगळं सांगितलं. एक काटा आत मोडला व्हता, त्यो काढताना तिनं सुई जरा जोरातच घातली. म्या घालू दिली.

दुसऱ्या दिवशी म्या सबस्टेशनला गेलो आन भिंतीवर त्याच लाल रंगानं लिहिलं, फोन लागत नाही म्हणजे माणूस खांबावर आहे. साहेबानं इच्यारलं, हे काय? म्या म्हणलं, पुसायचं असंल तर आधी मला सांगा. पुसलं न्हाय कुणी.

वाडीला म्या अजूनबी सांगितलं न्हाय ह्यो दगूड कशाचा ते. आता कुण्या तोंडानं सांगू, आन खरं म्हंजी मलाच आता नक्की ठाव न्हाय. देव लिंबाखाली सावलीत बसलाय, बसू दे. जुन्या जागी म्या एक लोखंडी पट्टी पुरली, तिला रंगबिंग काय दिला न्हाय. सुमन अवसंला दोन निवद धाडती, एक दगडाला, एक त्या मोकळ्या जागंला. काशिनाथ वर असला की म्या तिथं उभा ऱ्हातो, वहाणा काढून, उन्हात. वरसानं म्या घरी बसंल, मग खाली दुसरा कुणी असंल, म्हणून त्या साखळीची सवय लावूलालोय त्याला, रोज, शिव्या दिऊन का हुईना.

तुम्ही लिहिताय तर लिहा. तुमचा फोन सगळीकडं लागू दे, म्हातारा आशीर्वाद देतोय. आन कवा लागला न्हाय, तर तुमच्या घरच्यांना असं न वाटू दे की तुमचं काम झालं असंल. त्यांनी तुमच्याकडं चालत निघावं.