वैरीले दार नही

मी भिका. मूळ सोनगीरचा, आता धुळ्यात राहतो. सोनगीरला किल्ल्याखाली आमचं घर, बाप तांब्या-पितळेची भांडी ठोकायचा, बठ्ठी, म्हणजे सगळी गल्लीच ठोकायची, सकाळपासून असा ठणठणाट की जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं, तर त्या ओरडण्यातून हा माझा गळा तयार झाला भाऊ. मोठा भाऊ सुपडू, त्याला आम्ही दादा म्हणतो, त्यानं बापाची हातोडी धरली. मी गळा धरला. आणि त्याच गळ्यानं घर फोडलं, काय सांगू तुम्हाला, आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडात मारून घ्यावीशी वाटते.

तेव्हा जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. तंबूवाला शेठ हिंदी चित्रं आणायचा, पण एका साली त्यानं जुनं इंग्रजी चित्र आणलं, स्वस्तात मिळालं असेल. कोसॅक म्हणून घोडेस्वार लोक व्हते कुठले, रशियाकडचे, त्यांच्या लढायांचं चित्र. आता इंग्रजी कोणाला कळतं? शेठ म्हणाला, भिका, तुझा गळा मोठा, तू भोंगा घे आणि पडद्याशेजारी उभा राहून सांग काय चाललंय ते. मी म्हटलं, शेठ, मलाही इंग्रजी येत नाही. तो म्हणाला, मग काय झालं, लोकांना तरी कुठं येतं.

असं माझं काम सुरू झालं. ते कोसॅक कसे, डोकं भादरलेलं आणि मधोमध लांब शेंडी, मिशा छातीपर्यंत. लोक पहिल्याच खेळाला ओरडले, आरे, ह्या त आपलाच लोके शेतस! मग मीही त्यांना आपलंच करून टाकलं. त्यांचा सरदार व्हता त्याला पाटील म्हटलं, दारूचे पिंप व्हते त्याला ताडी म्हटलं, सगळं अहिराणीत. लोक खूश.

गोष्ट अशी की सरदाराचा पोरगा वैऱ्याच्या पोरीत गुंततो आणि तिच्यापायी तिकडं जातो. मग बाप त्याला माळावर गाठतो. मोठा उघडा माळ, नुसतं गवत, आणि बाप घोड्यावर, पोरगा समोर. बाप काहीतरी बोलतो आणि गोळी घालतो. काय बोलतो ते मला काय माहीत! पहिल्या खेळाला मी काहीतरी पुटपुटलो, कोणी शिट्टी मारली नाही. शेठ रागावला, म्हणाला, एवढी मोठी जागा आणि तू मेल्यासारखा बोलतो? दुसऱ्या खेळाला मी भोंगा तोंडाशी धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, आंडोर व्हता तव्हय घर तुनं व्हतं, आते तू वैरी, आनी वैरीले दार नही! आंडोर म्हणजे पोरगा, तुनं म्हणजे तुझं.

तंबू उठला भाऊ. टोप्या उडाल्या. आणि शेठनं काय केलं, पुढचं रीळच कापून टाकलं. म्हणाला, ह्याच्या पुढं काय दाखवायचं, इथंच लोकांना उठव, म्हणजे दुसरा खेळ लवकर लागतो. म्हणून त्या गोळीच्या पुढं काय आहे ते आमच्या गावात कोणी पाहिलं नाही. मीपण नाही. गावभर मात्र माझं बोलणं झालं. पत्त्यात हरलेल्याला म्हणायचे, वैरीले दार नही. शेजारच्याची कोंबडी अंगणात आली तरी म्हणायचे, वैरीले दार नही. मी आपला छाती फुगवून फिरायचो. मूर्ख!

मंग तंबू बंद पडले, मी धुळ्यात आलो, रिक्षात भोंगा लावून जाहिराती पुकारल्या, संसार केला. आणि दादाचा पोरगा जगन नरडाण्याला कारखान्यात लागला. तिथंच रेश्मा नावाची मुलगी हिशोबाच्या टेबलावर व्हती, शिकलेली, पण दुसऱ्या समाजाची. दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि जगन तिला घेऊन सोनगीरला आला. मी त्या दिवशी तिथंच व्हतो. वहिनी हातात भाकर-तुकडा घेऊन उभी, सुनेवरून ओवाळून टाकायला, आणि दादा दारात आडवा झाला. गल्ली जमली. दादानं दोन्ही हात चौकटीला लावले आणि माझं बोलणं, माझंच, शब्दन् शब्द, त्याच ठसक्यात पोराच्या तोंडावर फेकलं. वैरीले दार नही! आणि दार लोटलं.

राग कशाचा येतो सांगू? ओट्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. पोरगं समोर उभं, त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी, आणि ह्यांना जत्रा आठवली! आणि मी काय केलं? गप्प राहिलो. जन्मभर ओरडलो, आणि त्या दिवशी गप्प. वहिनीनं तो भाकर-तुकडा तसाच पदराखाली घेतला.

दहा-बारा वर्षं झाली ह्याला. जगन आला नाही, दादानं बोलावलं नाही. मी जगनकडं जातो-येतो. यंदा वहिनीनं खाट धरली, उठवत नाही तिला. मला फोनवर म्हणाली, भाऊजी, जगनले एकदाव दखू द्या हो. मी दादाला सांगून पाहिलं. त्यानं तेच तीन शब्द ऐकवले.

मी तसाच चिडून नरडाण्याला गेलो आणि रेश्मासमोर बसून सगळं बोलून टाकलं, की सुनबाई, ते बोलणं माझं आहे, मी चित्रात घातलं व्हतं. तिला हे माहीतच नव्हतं. मोबाईलवर शोधून शोधून तिनं ते चित्र काढलं. तेच घोडे, त्याच शेंड्या, मला तर रडू यायला लागलं. माळावरची जागा आली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, काका, ह्यात दार कुठंय?

खरंच की. उघडा माळ, नुसतं गवत. दार कुठं व्हतं तिथं? एवढ्या तंबूत एकानंही विचारलं नाही. आणि मग तो कापलेला भाग आला. बाप घोड्यावरून उतरतो, पोराचं डोकं मांडीवर घेतो आणि त्याला हलवतो. मी म्हटलं, काय म्हणतो तो? रेश्मा म्हणाली, ऊठ म्हणतो, चल, घरी जाऊ.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली मी. दादा ओट्यावर बसला व्हता. मी गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, की दादा, मी खोटं बोललो व्हतो, तो बाप असं म्हणतच नाही, तो पोराला घरी चल म्हणतो, पण पोरगं मेल्यावर म्हणतो, तुझं तर जिवंत आहे! दादा शांतपणे म्हणाला, खोटं तुनं, दार मनं. तू मले शिकाडू नको.

दार माझं म्हणतो! मंग माझं डोकं फिरलं. घरात गेलो, बापाची हातोडी घेतली आणि दाराच्या बिजागऱ्या ठोकून काढल्या. ह्या वयात, घाम फुटला, हात सोलला. दादा ओरडत व्हता, काय करी राहिना रे तू? दार आडवं पडलं. मी म्हटलं, घे, आते कोनलेच दार नही! लोडिंगची रिक्षा बोलावली आणि दार धुळ्याला घेऊन आलो. ते बघा, त्या भिंतीला टेकवलेलं.

जगनला सांगितलंय, दार काढलं, पुढं तू बघ. तो नुसता हं म्हणाला. रविवारी सुटी असते त्याला, अजून तरी गेला नाही. दादावरचा राग माझा गेला नाही, शिट्टी मारणाऱ्यावरचा तर जाणारच नाही, आणि स्वतःवरचा घेऊनच मी मरणार. पण वहिनीचा फोन येतो रोज. सांगते, खाटेवरून आता थेट रस्ता दिसतो. सांगते, तुमचा भाऊ दिवसभर त्या मोकळ्या चौकटीत काठी घेऊन बसतो, कुत्री हाकलतो, शेळ्या हाकलतो. दार काढून तीन आठवडे झाले, सुतार चार घरं सोडून राहतो. ती म्हणते, मी रोज सांगते त्यांना, सुतारले बलावा. तर म्हणतात, काय घाई शे.