शेवटची भाकरी

तुम्ही कुत्र्याच्या लाडांना हसता, म्हणून आमच्या खंड्याचं सांगतो. महाळुंग्याच्या मळ्यात बिबट्याशी झोंबून तो वाचला, पण नंतर आम्ही लाडानं पुढं ठेवलेल्या दूधभाताला तोंडच लावीना. चुलीकडं बघत नुसता पडून राहायचा.

बायकोनं बाजरीची पहिलीच भाकरी गरम दुधात कुस्करून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं तोंड फिरवलं.

"अवं, हा काय आता जगत न्हाई," ती म्हणाली.

"तू थापत ऱ्हा. बघू," मी म्हणालो.

आमच्याकडं सगळ्यांच्या भाकरी झाल्या की परातीला चिकटलेलं पीठ खरवडून एक लहान भाकरी थापतात. ती कुत्र्याची. त्या दिवशी ती तव्यावरून उतरली आणि खंड्या लंगडत उंबऱ्याशी येऊन बसला. बायकोनं तीही दुधात कुस्करली. त्यानं वाडगं चाटून लख्ख केलं.

"मेल्या, दुसऱ्याची भाकरी म्हणून उपाशी पडला व्हतास व्हय?" असं म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो, तर माझीच भाकरी तळहाताएवढी. शेवटची मात्र तव्यात मावत नव्हती.