शेवंतीकाकीचा अंगठा

मी मूळची राजापूरची. अब्बांचं बाजारात भुसाराचं दुकान, घरात सगळे गोड बोलणारे, मी एकटी तिखट, असं अम्मी म्हणायची, आणि लग्न होऊन इथे पावसजवळ आले तर सासूबाईंनीही महिन्याभरात तेच सांगितलं. आमचे हे कुवेतला, दोन वर्षांनी एकदा यायचे. मला रिकामं बसवत नाही, म्हणून मागच्या पडवीत काजू फोडायला घेतले. आता लोक म्हणतात बिल्कीसभाभीचा कारखाना, पण कारखाना कसला, पत्र्याची शेड, वाफेचा बॉयलर आणि बारा बायका. सुरुवातीला तेही नव्हतं. मी आणि शेवंतीकाकी, दोघीच.

शेवंतीकाकी आमच्या बौद्धवाडीतली, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिने मला काजू फोडायला शिकवलं. बी पात्यात कशी धरायची, पायाने दांडा किती दाबायचा, मग सुईने गर अख्खा कसा काढायचा. पहिल्या दिवशी माझा सगळा तुकडाच निघाला, तर म्हणते कशी, भाभी, हा काजू आहे, नवरा नव्हे, एवढा राग कशाला. तुम्ही हसता, पण मी त्या दिवशी तिला चहा दिला नव्हता.

काजूच्या टरफलात काळं तेल असतं, हाताला लागलं की कातडं जळतं, सोलून निघतं. बायका राख नाहीतर खोबरेल चोपडून बसतात. हातमोजे दोनदा आणून दिले मी, पण मोजा घालून सुई नीट धरता येत नाही, गर मोडतो, म्हणून काढून ठेवायच्या आणि माझी चाहूल लागली की घालायच्या. मला काय कळत नव्हतं? कळत होतं. म्हणून तर मशीन आणलं, सेकंडहँड, बी आपोआप कापणारं, हात तेलात घालायलाच नको असं. आणलं आणि तीन महिने प्लास्टिकखाली झाकून ठेवलं, कारण चालवायला कोणाला येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने पाच किलोचा भुगा केला.

मग जिल्ह्याच्या ऑफिसात कळलं की लहान धंद्यातल्या कामगारांना शिकवायचं असेल तर सरकार अनुदान देतं. शिकवणाऱ्याची फी देतं, शिकण्याच्या दिवसांची मजुरी देतं. मी चार खेपा घातल्या, कागद केले, मंजूर झालं. अट एकच, बाराच्या बारा जणी पाहिजेत, आणि रोजची हजेरी अंगठ्याने. अंगठा आधारशी जुळला तरच ती बाई शिकली असं धरणार, शेवटी तिच्या नावाचं सर्टिफिकेट देणार.

नोंदणीला ऑफिसची बाई आली, हातात मावेल एवढं यंत्र घेऊन. काकी लग्नाला नेसते ती साडी नेसून आली होती. सोलणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांचे अंगठे लगेच लागले, फोडणाऱ्या तिघींचे पुसून पुसून लागले. काकीचा लागेना. साबणाने धुतला, लिंबू चोळलं, मग दहाही बोटं ठेवून पाहिली. यंत्राचा लाल दिवा काही जाईना. वीस वर्षं बी फोडून फोडून बोटं कशी झाली होती सांगू, गुळगुळीत, समुद्रातल्या गोट्यासारखी. काकी म्हणाली, सही करते ना, मला सही येते. बाई म्हणाली, आजी, सही चालत नाही.

काकी सातवी शिकलेली आहे. तिची आई अंगठा द्यायची, तिने लेकीला शाळेत घातलं ते सही यावी म्हणून. काकी म्हणाली, आता सही आली तर अंगठा मागतात, बघ, आणि हसली, आणि हात पदराखाली घेतला. तेव्हा मला एकेक गोष्ट उमगत गेली. रेशनला ही कधी जात नाही, सून जाते. मी इतकी वर्षं समजत होते, रांगेत उभं राहायचा कंटाळा. तिथेही अंगठाच लागतो हो. एका शब्दाने कधी बोलली नाही.

ऑफिसची बाई काही वाईट नव्हती. म्हणाली, यांच्या जागी दुसरं नाव द्या, तुमचं अनुदान अडणार नाही. काकीच म्हणाली, माझ्या सुनेचं घाल. मी म्हटलं, तिला काजू आणि चिंचोका वेगळा ओळखता येत नाही. पण खोटं कशाला बोलू तुम्हाला, मी पेन उघडलं होतं. माझं काही जाणार नव्हतं ना त्यात. तर काकी उठून आपल्या जागेवर बसली, साडीवर जुनं लुगडं गुंडाळलं, बी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, आमच्या घरात भिंतीवर सगळ्यांचे शिकल्याचे कागद आहेत. पोराचा आहे, पोरीचा आहे, सुनेचापण आहे. माझाच नाही. नाही तर नाही.

मी पेन बंद केलं.

मला रडत बसता येत नाही, मला काय करायचं ते सुचतं. काकी एकदा लेकीच्या बाळंतपणाला सावर्ड्याला गेली होती, महिन्याने आली तेव्हा हात नव्या नवरीसारखे झालेले. म्हणजे कातडं परत येतं. बाईला विचारलं, कधीपर्यंत थांबता. ती म्हणाली, शिकवणं पाच आठवड्यांनी सुरू होणार, पहिल्या दिवशी लागला तर लागला. बास. मी काकीला सांगितलं, उद्यापासून बीला हात लावायचा नाही, निवडायच्या टेबलावर बसायचं. म्हणते, आणि दिवाळीच्या ऑर्डरी कोण फोडणार? मी म्हटलं, मी. म्हणते, तू तुकडा करशील. मी म्हटलं, करीन.

पाच आठवडे बसले मी तिच्या जागेवर. किती वर्षांनी! पहिल्या आठवड्यात बोटं काळी झाली, दुसऱ्यात सोलली, भाकरी थापताना जीव जायचा. काकी दुपारी जेवणं झाली की खोबरेलाची वाटी घेऊन यायची, माझे हात मांडीवर घ्यायची आणि चोळत चोळत शिव्या घालायची, बी आडवी धरतेस, अजून आडवीच धरतेस, वीस वर्षं झाली, काय शिकलीस. माझ्या सासूनंतर माझे हात कोणी असे हातात घेतले नव्हते.

शिकवण्याच्या पहिल्या दिवशी सगळ्या बायका काम सोडून यंत्राभोवती. एकदा लाल. दुसऱ्यांदा लाल. बाई म्हणाली, आजी, दाबू नका, नुसता ठेवा. तिसऱ्यांदा हिरवा. काकी अंगठा उलटा करून बघत राहिली, जसा दुसऱ्याच कोणाचा आहे. मग रोज, अठरा दिवस, सगळ्यात आधी तिचा अंगठा. शिकवायला आलेले सर घाटावरचे होते, त्यांना सगळ्यात जास्त प्रश्न काकीने विचारले. शेवटी सर म्हणाले, मावशी, आता तुम्हीच शिकवा.

आणि गंमत ऐका. शेवटच्या दिवशी बाई म्हणाली, भाभी, आता मालकाचा अंगठा. माझ्या लक्षातच नव्हतं, मलाही द्यायचा असतो. ठेवला. लाल. धुतला, पुसला, लाल. पण बाई म्हणाली, काळजी नको, तुम्हाला मोबाइलवर नंबर येईल, तो सांगा. आला, सांगितला, झालं. काकीने विचारलं, मला का नाही आला नंबर? बाई म्हणाली, आजी, तो मालकालाच येतो. त्यावर मी ऑफिसला अर्ज दिलाय, की कामगारालाही नंबर पाठवा. अजून उत्तर नाही. परत जाईन.

आता मशीन चालतं. काकी चालवते, दोघींना शिकवते. टरफलात हात घालायला लागत नाही. तिचं सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, मला बोलावून नेलं बघायला, वडे-सागोती केली होती, आणि कोंबडी माझ्यासाठी हलाल करून आणली होती आमच्या मोहल्ल्यातून.

माझा फोन तेव्हा माझ्या अंगठ्याने उघडत नव्हता, म्हणून माझ्या मुलीने त्यात काकीचा अंगठा घातला, कारखान्यात ती जवळच असते म्हणून. आता माझं कातडं परत आलंय. मुलगी म्हणते, अम्मी, काकीचा काढून तुझा घालते. मी म्हटलं, राहू दे. फोन उघडायचा असला की मी तो काकीपुढे धरते, ती मशीनवरून हात पुसते आणि अंगठा टेकवते. पहिल्या वेळेला उघडतो.