लंगडीची वाटणी

मोडली तिने, म्हणून तिची? अहो, हा कुठला न्याय? उद्या मी कुणाची खिडकी फोडली तर घर माझं होणार का? तेच म्हटलं मी तिला, टेबलावर हात आपटून म्हटलं, आणि आपटला तो नेमका उघड्या गळावर, बोटात टोक गेलं, तरी मी हूं की चूं केलं नाही, कारण भांडताना डोळ्यांत पाणी आलं की समोरच्याला वाटतं आपण जिंकलो... आणि ती, माझी धाकटी जाऊ, चौसष्ट वर्षांची घोडी, समोर बसून थंडपणे म्हणते, "ताई, आधी बोट धुवून या. आणि लंगडी माझीच."

लंगडी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं दोन म्हाताऱ्या शेळीवरून भांडतायत. लंगडी म्हणजे लाकडी मासा. बोटभर लांब, पाठ हिरवी, पोट पांढरं, पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. आमच्या तलावात बास नावाचा मासा असतो, भल्यामोठ्या तोंडाचा आणि स्वभावाने संशयी, त्याला फसवायला अशी खोटी आमिषं लागतात. दुकानदार लुअर म्हणतात त्यांना. रबरी गांडुळं, पत्र्याचे चमचे, गरगरणाऱ्या फिरक्या, पाण्यावर टुणटुण उड्या मारणारा बेडूक... आमच्या पेटीत असे एकशे एक्केचाळीस नग. आणि त्या रविवारी धाकटीने ती पेटी माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि म्हणाली, "ताई, वाटणी करू या. मंगळवारी मी चालले."

चालले म्हणजे मुलाकडे. कायमची. दूरच्या शहरात नवव्या मजल्यावर त्याचं घर, सून कामाला जाते, नात रांगायला लागलीय, आजी हवी. हवी तर हवी! माझं काय म्हणणं असणार? मी फक्त एवढंच विचारलं की तिकडे तलाव आहे का, नदी आहे का, निदान एखादं डबकं तरी, की न्हाणीत बादली भरून तिच्यात फिरकी फिरवणार आहेस, आणि अठ्ठावीस वर्षं जिने पोराला फोन केला तो रविवार सोडून केला, तिला आता रविवारीच पोर कसं आठवलं, आणि आजी हवी म्हणजे आजीच हवी की फुकटची बाई... एवढंच. बाकी मी एका शब्दाने बोलले नाही.

ही पेटी मूळची सासऱ्यांची. आमचे नवरे, सख्खे भाऊ, एक दिवस वाटण्या करून बसले. घराच्या मधोमध भिंत घातली, आणि घातली ती अशी शहाणपणाने, की दिवा आला माझ्याकडे आणि त्याचं बटण गेलं तिच्याकडे. वर्षभर मला उजेड हवा झाला की मी भिंतीवर ठोकायची! शिवणयंत्र वाटलं... यंत्र आम्हाला, खालची पाय मारायची पायटी त्यांना. हसू नका. चार खुर्च्या दोन-दोन झाल्या, शिडी तेवढी कापायची राहिली. फक्त मागच्या खोलीतली ही पत्र्याची पेटी दोघांच्याही नजरेतून सुटली. भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आम्ही दोघी दर रविवारी पहाटे पेटी दोन्ही कड्यांना धरून तलावावर. अख्ख्या घरात एकत्र राहिलेलं कुटुंब म्हणजे ते एकशे एक्केचाळीस खोटे मासे आणि आम्ही दोघी.

आणि शिकवलं कुणी? कुणीच नाही! दुकानात गेले पहिल्यांदा, तर तो काउंटरवरचा, नाकातून बोलायचा, "बाई, यजमानांना पाठवा, हे तुम्हाला नाही कळायचं." मी म्हटलं, माझ्या यजमानांना मासा ताटात आल्यावरही कळत नाही, तू चमचा दाखव. मग मी स्वतः शिकले. पाण्यात बघून, हरून, फुकट रविवार घालवून शिकले. पाणी नितळ असलं की फिका रंग, माशाला सगळं दिसतं, भडक काही आणलंत तर तो तोंड फिरवतो. पाणी गढूळ असलं की काळं गांडूळ, नाहीतर खडखडणारी फिरकी, कारण त्याला दिसत नाही पण कळतं. गवतात टाकायचं तर गळाचं टोक रबरात लपवायचं. थंडीत ओढायचं ते असं सावकाश, असं सावकाश, की आपल्यालाच झोप यावी. आणि एक गोष्ट लिहून ठेवा, बास नेहमी भुकेने चावत नाही. पिल्लांची राखण करत बसलेला नर तर निव्वळ रागाने चावतो. भूक नसते हो, पण समोरून काही गेलेलं सहन होत नाही, तोंड उघडतो आणि फसतो. हे मी धाकटीला समजावलं तेव्हा ती माझ्याकडे बघून बराच वेळ हसत बसली. का हसली, मी विचारलं नाही. मी एका शब्दाने बोलले नाही.

तर लंगडी. नवीकोरी आणली होती मी, आणून आठवडा नव्हता झाला. अशा माशाच्या हनुवटीला प्लॅस्टिकची जीभ असते, तिच्यामुळे तो ओढला की पाण्यात बुडी मारतो. आणि धाकटी होडीत चढली ती थेट तिच्यावर बसली! कटकन आवाज. गळ पदराला लागला म्हणून बरं, अंगात घुसला असता तर ही उडालीच असती होडीबाहेर, आणि त्या दिवशी बास नव्हे, जाऊच काढावी लागली असती पाण्यातून. जीभ अर्धी तुटलेली. मी म्हटलं, फेकून दे आता ते भंगार. तर ही बया तोच दोऱ्याला बांधते, फेकते, आणि तो लाकडी मासा सरळ जायचा सोडून लंगडत लंगडत जातो, मध्येच कलंडतो, जखमी माशासारखा... आणि खालून साडेतीन किलोचा बास! साडेतीन! सबंध तलावात तेवढा कुणी बघितला नव्हता. तेव्हापासून तिचं नाव लंगडी. मी घरी येऊन तीन नवे मासे पक्कडीने तसेच मोडले, मोजून मोडले, अर्धी जीभ, तोच कोन. एक गोल फिरला, एक बुडाला, एक उलटा पोहला. ठरवून मोडलेलं तसं मोडत नाही, काय करणार.

म्हणजे आणली मी, आणि मोडली तिने. आता सांगा, कुणाची?

सगळी सकाळ आम्ही वाटत होतो. टेबलावर जुना टॉवेल पसरलेला, एक तुला, एक मला. बेडूक तुला, फिरकी मला. मधेच गांडुळांचा गुंता सोडवायचा, मधेच भांडायचं. मी म्हटलं, "तुला काय करायचंय अर्ध्या पेटीचं? डोळे तरी धड आहेत का? गेल्या रविवारी बुडालेल्या फांदीला बास समजून खेचत होतीस." तर लगेच, "हो ना ताई, आणि तुम्ही त्या फांदीला 'दमव, दमव, सैल सोड' म्हणत होतात, तेही दहा मिनिटं!" आहे की नाही जीभ? हिची नाही मोडली कधी. शेवटी सत्तर तिचे, सत्तर माझे, आणि मध्ये टॉवेलवर एकटी लंगडी.

"आणली मी," मी म्हटलं.

"सरळ होती तेव्हा एक तरी मासा आला का तिला?" धाकटी म्हणते. "मोडली म्हणून ती लंगडी झाली. नाहीतर होती कोण ती? दुकानातला एक नग."

मग मी जे बोलले ते बोलले. तिचं वजन काढलं. तिने माझा स्वभाव काढला. मी तिच्या सुनेवर गेले, ती माझ्या मेलेल्या नवऱ्यावर आली, मी तिच्या मेलेल्या नवऱ्यावर गेले, भिंत काढली, बटण काढलं, शिवणयंत्राची पायटीसुद्धा काढली. बोटातलं रक्त टॉवेलला लागत होतं, दोघींनाही दिसत होतं, थांबतंय कोण?

आणि तुम्हाला सांगते, एवढं सगळं बोलले, पण एक बोलले नाही. आमची होडी एकटीची नाही हो. एकीने वल्ही धरायची, एकीने गळाची काठी. वल्ही सोडून काठी धरली की होडी गवतात जाते, आणि काठी सोडून वल्ही धरली की नुसतं फिरणं होतं, मासेमारी होत नाही. सत्तर आमिषं घेऊन मी किनाऱ्यावर बसू? एकाहत्तर घेऊन तरी काय करू? बाजूला कुणी "ताई, हा रंग चुकला" म्हणणारंच नसेल तर बरोबर रंग कुठला, हे मला तरी कसं कळणार? हे मी तिला म्हणायला हवं होतं. राहा म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. सकाळपासून हजार शब्द सांडले, त्यात ही दोन बसली नसती का? पण नाही. त्यावर मी एका शब्दाने बोलले नाही.

धाकटीने लंगडी उचलली. माझ्या हातातून नाही, टॉवेलवरून. डोळ्यांजवळ नेली, तिला आता तसंच बघावं लागतं.

मी म्हटलं, "अगं पण करणार काय तिचं? पाणी कुठंय तिथे?"

"खिडकीत टांगणार," ती म्हणाली. आवाज मघासारखा नव्हता. "नवव्या मजल्यावर वारा फार असतो म्हणे. वाऱ्यात लंगडते का बघेन. रविवारी."

या खेपेला मला खरंच बोलता येईना. मीठ लावल्यासारखं बोट चुरचुरत होतं, म्हणून असेल. तिची सून डोळ्यांपुढे आली, ती खिडकी आली, खाली कुठेच पाणी नसलेली, आणि जमिनीवरून रांगत येणारी ती नात, जिला आम्ही दोघींनी अजून फोटोतच पाहिलंय. मग मी लंगडी तिच्या हातातून घेतली. तिला वाटलं हिसकावतेय, तिने मूठ आवळली, पण मी घेतलीच. पक्कड शोधली. आणि म्हणाले,

"थांब, दोन्ही गळ काढून देते. पोरगी उभी राहायला लागली की पहिला हात तिथेच घालेल."