खालून ठोकणारी काठी

वाद्यांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. काउंटरवर त्यांचं आणि दुकानदाराचं चाललं होतं.

“बेस गिटारचा हा मोठा ॲम्प द्या.”

“वाजवणार कुठे, ताई?”

“घरीच. हौस म्हणून.”

“मग घरात तोफ कशाला? छोटा घ्या, हेडफोन लावून वाजवा. ह्याने खालच्यांचं छत हादरेल.”

“खुशाल हादरू दे. खाली सासूबाई राहतात.”

“काठीने छत ठोकतील हो!”

“ठोकतातच.”

“तरी मोठाच?”

“त्यांना अजिबात ऐकू येत नाही. छोटा लावून पाहिला, खाली काही पोचत नाही. आता मैत्रिणीचा मोठा आणलाय, तर पलंगाच्या दांडीला हात लावून मान डोलावत बसतात.”

“मग काठी कशाला?”

“मी थांबले की ठोकतात.”