मागची गाडी रिकामी आहे

माझा जन्म बिबवेवाडीचा, पण आत्ताची बिबवेवाडी डोळ्यांपुढं आणू नका, तेव्हा सगळी शेतं नि डोंगराच्या अंगाला आमच्यासारख्यांची पत्र्याची घरं. वडील नारायण पेठेत छापखान्यात कामाला, नि आई मंडईच्या बाहेर बसून कोथिंबीर विकायची. पहाटे शेतातून जुड्या घ्यायच्या, पाटी डोक्यावर, नि चालत मंडई, नि दिवस मावळताना रिकामी पाटी घेऊन परत चालत. मी म्हणायची अगं बसनं का नाही येत, तर म्हणायची पाटीला बसमध्ये घेत नाहीत. नि तिचीच पोरगी पुढं बसची कंडक्टर झाली, आता काय सांगू तुम्हाला. उभ्या नोकरीत मी कुणाच्या पाटीला नाही म्हणलं नाही, गाडी कितीही भरलेली असो.

आम्ही बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतलेली. रविवारी आई विहारात न्यायची, वंदना झाली की डोळे मिटून बसायचं नि श्वास बघायचा, आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, मी चुळबुळ करायची, तर आई डोळे न उघडता म्हणायची, मुंग्या आल्यात ना, येऊ दे, आल्या तशा जातील, तू कशाला त्यांच्या मागं जातीस. मला वाटायचं हे काय खूळ, श्वास काय बघायचा, तो कुठं पळून चाललाय का. पण ते ध्यानात ठेवा ताई, पुढं लागणार आहे.

नोकरी लागली तेव्हा बायका कंडक्टर डेपोत हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. माझी लाईन स्वारगेट ते कात्रज, सगळी सातारा रोडनं, ड्रायव्हर शिर्के. माणूस तोंडाचा तिखट, पण स्टिअरिंगवर हात असा की म्हातारं माणूस उभं असलं तरी तोल जायचा नाही. आमच्यात घंटेची भाषा. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ, आम्ही त्याला डबल बेल म्हणतो. माझ्या डबल बेलशिवाय शिर्क्यांनी कधी गाडी हलवली नाही, नि स्टॉपवर कुणी हात केला नि ते थांबले नाहीत असं कधी झालं नाही, जागा असली तर हं. जागा नसली की दाराशी येऊन मी सांगायची, मागची गाडी रिकामी आहे, तिनं या. मागं गाडी असो नसो. पुण्यात हे सगळ्यांना माहितीये, सांगणाऱ्यालाही नि ऐकणाऱ्यालाही, तरी आम्ही सांगतो नि लोक ऐकतात.

रिटायरमेंट जवळ आली तशी डॉक्टर म्हणाले साखर वाढतीये, चालायला लागा. म्हणून पहाटे तळजाईच्या टेकडीला जायला लागले. तिथं एक पळणाऱ्यांचा ग्रुप, त्यात ऋतुजा म्हणून मुलगी, आयटीत कामाला, ती माझ्या शेजारनं जाता जाता म्हणाली, काकू, तुमचं चालणं इतकं फास्ट आहे, जरा पळून बघा ना, जस्ट त्या झाडापर्यंत. मी म्हणलं बाई, मी शेवटचं पळाले ते शाळेत, मास्तर मागं लागले होते म्हणून. पण पळाले. साडी पिनअप केलेली, पायात चालायचे बूट, त्या झाडापर्यंत गेले नि थांबले नि छातीवर हात ठेवला, नि काय सांगू, आतून कुणीतरी दार वाजवत होतं! इतकी वर्षं मी ह्या शरीरात राहतीये, नि आत एवढं जोरकस कुणी आहे हे मला माहीतच नव्हतं. मी तिथंच उभी राहून ऐकत बसले. अजून सांगताना अंगावर काटा येतो बघा.

मग लागला नादच. अंगात सलवार-कमीज आली, पायात खरे पळायचे बूट आले, अर्धी मॅरेथॉन झाली, नि मला चढलं भूत, म्हणलं आता पुरी. ऋतुजा म्हणाली काकू, एक वर्ष थांबा, बॉडी रेडी नाहीये. मी कसली ऐकतीये.

तर त्या पळण्यात काय असतं, सगळ्यांच्या शेवटी एक बस येत असते, हळूहळू, दमलेल्यांना उचलत. ती शेवटच्या कमानीपाशी पोचली की पळणं संपलं, कमान उतरवतात, मग तुम्ही मागनं आलात काय नि न आलात काय. त्या वर्षी बस आमच्याच डेपोची नि ड्रायव्हर शिर्के. निघताना मला म्हणाले, बाई, भेटू नका म्हणजे झालं. नि मी भेटले. सातारा रोडला पाय शिशाचे झाले, ऊन डोक्यावर आलं, नि पुढचं मला नीट आठवत नाही, आठवतं ते एवढंच की मी बसस्टॉपच्या शेडखाली सावलीला उभी आहे, लांबनं गाडी दिसतीये, नि माझा हात वर आहे. मी केला नव्हता हो तो. आपण होऊन गेला. शिर्के थांबले, दार उघडलं, पाय पायरीवर पडला नि मी आत. सवयीनं दांडा धरून उभी राहिले, मग कुणीतरी म्हणलं मावशी बसा की.

घरी आले तर आमचे हे, पिंपरीला कारखान्यात आयुष्य गेलं, बोलणं मोजकं, पेपरातनं मान वर न करता म्हणाले, बसनंच यायचं होतं तर पास काढायचा. मी हसले, पण आत न्हाणीघरात जाऊन रडले. हरल्याचं नाही ताई, हरतात की माणसं. मला त्या हाताची भीती वाटली. म्हणलं, उभा जन्म मी दुसऱ्यांच्या हातासाठी थांबले, दुसऱ्यांसाठी घंटा मारली, आता नोकरी संपत आली नि हे अंग अजून नोकरीचंच आहे का माझं आहे? मी आपण होऊन निघू शकते का नाही? तेवढं मला कळायला पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं.

मग ऋतुजापुढं जाऊन बसले, म्हणलं आता तू सांगशील तसं. आणि तिनं काय सांगावं, तर काकू, हळू पळा. इतकं हळू, की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. मी म्हणलं हळू पळून कुणी लांब जातं का, ती म्हणाली हळू पळूनच जातं. मंगळवारी पर्वतीच्या पायऱ्या, बाकी जमेल तसं थोडं थोडं, रविवारी लांब, नि सोमवारी काहीच नाही, नुसती झोप. मी म्हणायची झोपून काय होणार, तर म्हणाली काकू, ताकद झोपेतच येते, पळताना फक्त ऑर्डर दिली जाते. नि खरंच हो! आज जो चढ जीव काढायचा, तो महिन्यानं असा जायचा की मीच मागं वळून बघायची, गेला का तो चढ? साठीला आलेलं शरीर, पण रात्रीतनं गुपचूप स्वतःची दुरुस्ती करत होतं, मला न विचारता. मी सकाळी उठून माझ्या पोटऱ्यांना हात लावून बघायची. मंडईतनं रताळी आणायची, उकडून खिशात ठेवायची, पळता पळता खायची, ऋतुजा पळताना ताकदीसाठी खायची ती गोड जेली मला गिळवायची नाही.

एक दिवस तीच म्हणाली, काकू, तुम्ही सातारा रोडला मधूनच स्लो का होता? दर थोड्या वेळानं. मी म्हणलं छे, कुठं? ती म्हणाली तुम्ही परत पळा, मी मागनं बघते. पळाले, नि मग तिनं हाक मारली, काकू, वर बघा. वर बघते तर बसस्टॉप. माझी पावलं दर स्टॉपला आपसूक थांबायला बघत होती! अंगाला स्टॉप पाठ. ती पोरगी हसून हसून खाली बसली, नि मीही हसले, पण मनात म्हणलं, सापडला चोर.

मग तेच शिकले. ऋतुजा अंगाचं बघायची नि मनाचं मला माझ्या आईनं केव्हाच देऊन ठेवलं होतं, मीच गाठोडं सोडलं नव्हतं. स्टॉप आला की आतनं एक घंटा वाजते, थांब. वाजू दे. वाजली तशी विरेल, तू कशाला तिच्या मागं जातीस. श्वास बघायचा, आत येतोय, बाहेर जातोय, नि मग तोंडातल्या तोंडात डबल बेल. गुडघा दुखला, येऊ दे. वैताग आला, येऊ दे. आणि काय अजब सांगू, जातं हो! दुखणं आपल्याला सोडून कुठं जाणार असं वाटतं, पण त्याच्याकडं नुसतं बघत राहिलं की तेच कंटाळून उठतं. सकाळी घरीसुद्धा बसायची डोळे मिटून, मुंग्या आल्या की आई आठवायची.

शिर्क्यांना मी डेपोत गाठलं, म्हणलं ह्या वर्षी पण बस तुमच्याकडंच आहे, तर ऐका, मी हात केला तरी थांबायचं नाही. ते म्हणाले, बाई, नियम आहे, हात केला की थांबायचं, तुम्हीच शिकवलंय पब्लिकला. मी म्हणलं तुम्हाला माझी शपथ. ते तंबाखू मळत राहिले.

दुसऱ्या खेपेला मी इतकी हळू निघाले की सगळे पुढं गेले, मी बघत राहिले, म्हणलं जा बाबांनो. सकाळ अशी सुंदर होती! जे पुणं मी उभ्या जन्मात बसच्या दारातनं तुकड्यातुकड्यानं बघितलं, ते सलग दिसत होतं. पण शेवटी शेवटी ऊन आलं, सातारा रोड आला, नि पाय परत शिशाचे. मागनं इंजिनाचा आवाज. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. पुढं स्टॉपची शेड, सावली, नि ताई, एवढं शिकून, एवढं बसून, माझा हात परत वर गेला. मी बघतीये नि तो वर चाललाय.

गाडी शेजारी आली, हळू झाली, नि शिर्क्यांनी खिडकीतनं मुंडकं बाहेर काढलं नि रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडले, बाई, मागची गाडी रिकामी आहे, तिनं या! नि गेले. गाडी अर्ध्याहून जास्त मोकळी दिसत होती, नि मागं तर काहीच नव्हतं, रस्ता संपेपर्यंत नुसतं ऊन. मला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की पोटातली गाठच सुटली. हसता हसता तो वर गेलेला हात मी खाली घेतला. मी घेतला, मी स्वतः! नि निघाले.

आता गंमत ऐका. बस पुढं गेली, पण बसला थांबायला लागतं की! पाण्याच्या टेबलापाशी कुणी बसकण मारलेली, त्याला उचलायला गाडी थांबली. मी तिला ओलांडून पुढं. मग ती परत मला मागं टाकून पुढं, परत कुणासाठी थांबली, परत मी पुढं. उभ्या नोकरीत प्रत्येक स्टॉपला मी थांबले, नि त्या दिवशी गाडी थांबत होती नि मी थांबत नव्हते. पाय दुखत होते का, दुखत होते. पण दुखणं एकीकडं चाललं होतं नि मी एकीकडं, शेजारच्या दोन बायका चालाव्यात तशा. नि आत ते दार वाजवणारं वाजवतच होतं, दमत नव्हतं. मी त्याला म्हणलं, बाबा, तू आहेस तरी कोण?

कमान उभी होती. मी खालनं गेले तेव्हा माणसं खुर्च्या गोळा करत होती, पण कमान उभी होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, ऋतुजा मला धरून रडायला लागली, नि आमचे हे बाजूला उभे, ते म्हणाले, चालत आलीस का काय, केवढा उशीर, नि रुमालानं डोळे पुसायला लागले.

तेवढ्यात मागनं बस आली. दार उघडलं. आत ती सगळी दमलेली माणसं, माना खाली. माझे पाय आपसूक दाराशी गेले, नि ह्या वेळी मी त्यांना अडवलं नाही. हात पुढं केला, म्हणलं सावकाश उतरा, घाई करू नका. एक बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची, रडून डोळे लाल झालेले. तिचा हात धरून उतरवलं नि म्हणलं, मागच्या खेपेला ह्याच गाडीनं मीपण आले होते. तिनं माझ्या गळ्यातलं पदक हातात घेऊन बघितलं. शिर्के आतनं म्हणाले, बाई, झाली का उतरून सगळी? मी पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल. मगच त्यांनी गाडी हलवली.

आता मी रिटायर आहे. पहाटे सातारा रोडला पळते, जमेल तेवढं, एक गुडघा कुरकुरतो, कुरकुरू दे. शिर्क्यांची अजून थोडी वर्षं आहेत, त्यांची पहिली गाडी मला रोज ओलांडून जाते. तुमच्याही पायांना बळ येवो ताई, नि मनाला स्वस्थता, आणखी काय देऊ. नि कधी पहाटे त्या रस्त्यानं आलात तर बघा, एक म्हातारी बाई पळता पळता बसला हात करते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, नि थांबत नाही.