माळ्यावरचा भुसा

(फेब्रुवारीतली दुपार. हिल्का शिडी धरून उभी आहे. तिचा दीर आउलिस हातात बॅटरी घेऊन कमरेपर्यंत माळ्यात शिरलाय.)

हिल्का: स्कीज तेवढ्या खाली द्या, भावजी. बाकी उकराउकर नको. रविवारी लेक सिर्पा गाडी घेऊन येतेय, आईला आणि आईची खोकी न्यायला. तुमची बडबड न्यायला नाही.

आउलिस: वहिनी, इथला भुसा कुठाय?

हिल्का: कसला भुसा?

आउलिस: लाकडाचा. घरात ऊब राहावी म्हणून छताच्या फळ्यांवर दादानं पसरलेला. तुळया पार बुडल्या होत्या त्यात. पोती मीच तर चढवली होती वर. आता सगळ्या तुळया उघड्या पडल्यात, म्हाताऱ्या घोडीच्या बरगड्या दिसाव्यात तशा. एका ठिकाणी तर नुसती फळी आहे, आणि फळीच्या फटीतून मला तुमचा भांग दिसतोय.

हिल्का: सरळ आहे का?

आउलिस: भांग सरळ आहे, बाई वाकडी आहे. थांबा, हात लावून बघतो. अहो, इथून गरम वारा येतोय! आणि वरच्या खिळ्यांच्या टोकांवर दंव गोठलंय. खालची ऊब इथे येऊन गोठते. तुम्ही सकाळ-संध्याकाळ लाकडं जाळता ती कुणासाठी? कावळ्यांना शेकवायला?

हिल्का: कावळे तरी खूश असतील.

आउलिस: तरीच! आत्ता तळ्यावरून येताना बघत होतो. सगळ्या गावाची छपरं पांढरीशुभ्र, आणि एकटं तुमचं काळं. पागोळ्यांना बर्फाचे हे एवढाले सुळे. डोकं वाचवत दारात आलो.

हिल्का: ते काही आजचं नाही. ह्यांना केवढं कौतुक होतं त्याचं! लोक फावडी घेऊन छपरावर चढलेले, आणि हे खिडकीत बसून कॉफी पिताहेत. म्हणायचे, छप्पर असावं तर असं, बर्फ आपलं आपण उतरतं.

आउलिस: खालून भाजलं तर उतरेल नाहीतर काय करेल?

हिल्का: मग इतकी वर्षं तुम्हालाही दिसतच होतं की.

आउलिस: दिसत होतं. पण ताइस्तोदादाला त्याच्या छपराबद्दल सांगणार कोण? मी धाकटा.

हिल्का: सत्तरीचे धाकटे.

आउलिस: ते राहू द्या. भुसा गेला कुठे? थोडा खाली बसतो, मान्य. थोडा उंदीर उकरतात. पण एवढा?

हिल्का: शिडी हलतेय, उतरा आता.

आउलिस: वहिनी.

हिल्का: मी नेला.

आउलिस: कुठे?

हिल्का: संडासात.

आउलिस: कुठे?

हिल्का: ओरडू नका. अंगणातल्या संडासात. तिथे बादलीभर भुसा ठेवावा लागतोच ना? उठताना दोन मुठी टाकायच्या, तुमच्याकडेही टाकतातच. गावातली लाकडाची वखार बंद पडली. हे म्हणाले, विकत कशाला आणायचा, माळ्यावर ढीग पडलाय. उन्हाळाभर मी एक-एक बादली उतरवायचे.

आउलिस: शिडी धरा, मी पडतोय.

हिल्का: हसताय काय?

आउलिस: अहो, उन्हाळ्यात पाहुणे यायचे आणि म्हणायचे, संडास बघावा तर ताइस्तोचा, वास म्हणून नाही! आख्ख्या गावात नाव होतं! कसं नसणार? घराची गोधडी काढून त्या खड्ड्यात घातली तुम्ही दोघांनी.

हिल्का: हसून घ्या पोटभर. मी दोन स्वेटर घालून झोपते रोज.

आउलिस: आणि वर सगळ्यांना सांगता, वय झालं, रक्त पातळ झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुमच्या रक्ताला काहीही झालेलं नाही, वहिनी. घर उघडं पडलंय. सरका, उतरतो मी.

हिल्का: कॉफी तयार आहे. बूट काढून बसा.

आउलिस: हं. आता ऐका. वर्तमानपत्रं कुटून त्याचा कापूस करतात, पोत्यांनी मिळतो. आहे तो भुसा कोरडा आहे, तो तसाच राहू द्यायचा. फळ्यांच्या फटी बुजवायच्या आणि तुळया दिसेनाशा होईपर्यंत तो कापूस पसरायचा. छपराच्या कडेला हवेची वाट तेवढी मोकळी ठेवायची, नाहीतर लाकूड कुजतं. पुढच्या हिवाळ्यात तुमचं छप्पर सगळ्यांसारखं पांढरं! सिर्पाला आत्ताच फोन लावा आणि सांगा, गाडी नको.

हिल्का: बैल गेला आणि झोपा केला.

आउलिस: कुठे गेलाय बैल? इथेच बसलाय, कॉफी ओततोय.

हिल्का: माळा भरू नका, भावजी.

आउलिस: म्हणजे? शहरात निघालात ते थंडीपायीच ना?

हिल्का: सिर्पाला तसं सांगितलंय. तुम्हालाही, दुकानातही, चर्चमध्येही.

आउलिस: मग?

हिल्का: थंडी वाजते म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. हे गेल्यापासून या स्वयंपाकघरात माझ्याशी कोण बोलतं? रेडिओवर हवामान सांगणारी बाई. मी तिला उत्तरं देते. ती म्हणते, उद्या वारा सुटेल, मी म्हणते, सुटू दे बाई. हे कुणाला सांगायचं? नवऱ्यानं हातानं बांधलेलं घर, आणि बायको सोडून निघाली, का, तर एकटं वाटतं. तुम्हीच म्हणाला असता, नाटकं आहेत.

आउलिस: म्हणालो असतो.

हिल्का: बघा.

आउलिस: पण मी येतो की. दिवसाआड येतो.

हिल्का: येता. दोन कप कॉफी पिता, खिडकीतून तळं बघता, ‘बरंय’ म्हणता आणि जाता. आज पहिल्यांदा एवढं बोललात. तेही भुशावरून.

आउलिस: आपल्याकडे कोण बोलतं सारखं?

हिल्का: म्हणून तर निघालेय. तिथे वृद्धाश्रमात जेवायच्या टेबलावर बायका असतात, चार-पाच. मी बघायला गेले होते त्या दिवशी. एकमेकींचं न ऐकता अखंड बडबडत होत्या. सूप गार झालं तरी भान नाही.

आउलिस: बाप रे.

हिल्का: मला आवडल्या.

आउलिस: खरंच?

हिल्का: खरंच. मी मध्येच काहीतरी बोलले, तर तिघी एकदम माझ्याकडे वळल्या. बरं वाटलं मला.

आउलिस: पाव आहे का अजून?

हिल्का: आहे. घ्या.

आउलिस: मी सकाळी उठलो की आधी तळ्यापलीकडे बघतो. तुमच्या धुराड्यातून धूर निघाला की मग मी माझी चूल पेटवतो. दादा गेल्यापासून तसंच आहे. तुम्ही गेलात की कुणाकडे बघायचं, मला कळत नाही.

हिल्का: हे कधी बोलला नाहीत.

आउलिस: तुम्हाला थंडी वाजत होती. थंडी वाजणाऱ्या बाईला थांबा कसं म्हणू?

हिल्का: दुसरा कप घ्या.

आउलिस: घेतो.

हिल्का: माळा भरा, भावजी.

आउलिस: म्हणजे राहताय?

हिल्का: नाही, जाणारच आहे. पण गारठ्याला भिऊन पळाली, असं नको. घर उबदार होऊ दे. मग दाराला कुलूप लावेन आणि विचारणाऱ्याला सरळ सांगेन, मला जावंसं वाटलं, म्हणून गेले. सिर्पालाही तेच सांगेन. ती येऊ दे रविवारी, आल्या पावली परत जाईल.

आउलिस: आणि मग नेणार कधी तुम्हाला?

हिल्का: तुमचं काम संपलं की.

आउलिस: माळा मोठा आहे, वहिनी. आणि हल्ली मी दिवसाला एकच पोतं उचलतो.